युद्धकाळातली तिकिटं आणि कोरं पान

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली भारतीय टपाल तिकिटं आणि पाकिटं जमवणं हा माझा जुना छंद. तो कळला की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "याची किंमत किती येईल?" त्याचं उत्तर सोपं आहे. यातली बहुतेक तिकिटं अगदी सर्वसामान्य आहेत, त्यामुळे फार काही येणार नाही. दुसरा प्रश्न नवे संग्राहक विचारतात, "अल्बम कोणता घेऊ?" दुकानदार त्याचं उत्तर एका मिनिटात देतो. मला मात्र थोडा वेळ लागतो, कारण ते उत्तर त्या काळाच्या इतिहासातून शोधावं लागतं.

आधी तिकिटांकडे पाहू. नाशिकच्या छापखान्यात १९२६ पासून भारताची तिकिटं छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनहून येत. सहाव्या जॉर्जच्या कारकिर्दीतली १९३७ ची मालिका याच नाशिकची. तिच्यातल्या दोन आण्यांच्या तिकिटावर डाक घेऊन धावणारा हरकारा आहे. पुढे बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, बोट, लॉरी आणि विमान, अशी टपालाच्या वाहनांची मिरवणूकच त्यावर निघाली आहे. मग युद्ध आलं. १९४० नंतर या ऐसपैस चित्रांच्या जागी राजाच्या मुखवट्याची लहान तिकिटं आली. त्या वर्षांत कागदाची टंचाई किती होती हे जुन्या पिढीकडून ऐकलं असेल, तर शेजारी शेजारी ठेवलेली ही दोन तिकिटं बरंच काही सांगतात. याच नव्या मालिकेतली दीड आणा आणि तीन आण्यांची तिकिटं आधी शिळाछापावर निघाली आणि नंतर उठावाच्या छपाईत. भिंगाखाली फरक स्पष्ट दिसतो. १९४६ साली विजयाची चार तिकिटं निघाली आणि हा अध्याय संपला.

एवढंच जमवायचं असेल, तर छापील चौकटींचा अल्बम पुरे. प्रत्येक तिकिटाची जागा ठरलेली असते. मुलांना तो आवडतोही, कारण रिकामी चौकट भरण्यात मजा असते. पण युद्ध देशांच्या चौकटीत मावत नाही. १९३७ साली ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला, त्याची तिकिटंही नाशिकलाच छापली जात. १९४२ मध्ये जपानी फौजा तिथे शिरल्यावर त्याच तिकिटांवर मोराचा छाप मारून ती वापरात आली. राजाच्या चेहऱ्यावर मोर! १९४५ मध्ये ब्रिटिश परतले आणि लष्करी प्रशासनाचा छाप आला. आखातातल्या मस्कतमध्ये १९४४ साली तिथल्या राजघराण्याच्या द्विशताब्दीसाठी भारताचीच तिकिटं अरबी मजकूर छापून वापरली गेली. आझाद हिंदची तिकिटं १९४३ च्या सुमारास बर्लिनमध्ये छापली गेली. त्यांवर नांगर धरलेला शेतकरी आहे, चरख्यावर बसलेली स्त्री आहे. ती टपालात कधीच वापरली गेली नाहीत. मग ती कुठे लावायची? 'भारत' या मथळ्याखाली, की 'जर्मनी'? छापील अल्बम याचा निर्णय आपल्या वतीने करून टाकतो, आणि बरेचदा तो त्यांना जागाच देत नाही.

खरी अडचण पाकिटांची. काही वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातला एक तरुण परिचित माझ्याकडे आजोबांच्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन आला. आतली पत्रं केव्हाच गेली होती. "काका, तिकिटं तेवढी काढून घेतो. मुलाच्या अल्बममध्ये लावायची आहेत. पाण्यात किती वेळ भिजवू?" मी आधी गठ्ठा पाहायला मागितला. निम्म्या पाकिटांवर तिकीटच नव्हतं. आघाडीवरच्या सैनिकाचं पत्र पुष्कळदा बिनतिकिटाचं जाई. पण प्रत्येकावर सेन्सॉरचा शिक्का होता आणि फील्ड पोस्ट ऑफिसचा गोल शिक्का. त्या शिक्क्यात गावाचं नाव नसतं, फक्त एक आकडा असतो. फौज कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून ही योजना होती. कोणता आकडा केव्हा कुठे होता याच्या याद्या अभ्यासकांनी पुढे छापल्या. यादीत पाहिलं. १९४४ च्या पावसाळ्यातला तो आकडा इटलीतला निघाला.

घरात एवढंच माहीत होतं की आजोबा 'लढाईवर' गेले होते. परत आल्यावर ते त्याबद्दल कधी बोलले नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी तेव्हा इटलीत लढत होत्या. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा नेमके कोणत्या पलटणीत होते हे पाकीट सांगत नव्हतं, आणि मीही अंदाज केला नाही. पण माणूस कुठे होता, हे त्या आकड्याने सांगितलं. तिकिटं भिजवली असती, तर शिक्क्याचा तुकडा तिकिटाबरोबर गेला असता आणि आकडा कचऱ्यात.

म्हणून माझा सल्ला असा. युद्धकाळाच्या संग्रहासाठी कोऱ्या पानांचा, पानं काढता-घालता येणारा अल्बम घ्यावा. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या पाकिटाचं माप आधी घ्यावं आणि त्याहून मोठं पान निवडावं. कागद आम्लरहित असावा. पाकिटांना डिंक लावू नये, कोपऱ्यांच्या खोबणीत बसवावं. पारदर्शक कप्पे पॉलिएस्टरचे घ्यावेत. मऊ, वास येणारं पीव्हीसी टाळावं, कारण त्यातली द्रव्यं वर्षानुवर्षं तिकिटात उतरतात. कोऱ्या, न वापरलेल्या तिकिटांच्या मागचा डिंक आपल्या पावसाळ्यात चिकटतो, तेव्हा हिंज लावण्यापेक्षा त्यांना स्वतंत्र कप्पा द्यावा. अल्बम उभा ठेवावा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, आणि पाऊस सरला की पानं उलटून हवा द्यावी.

मांडणी वर्षांनुसार करावी. १९४२ च्या पानावर नाशिकची तिकिटं आणि रंगूनचा मोर शेजारी येऊ द्यावेत. १९४४ च्या पानावर मस्कतचा छाप आणि इटलीहून आलेलं बिनतिकिटाचं पाकीट. खाली पेन्सिलीने दोन ओळी लिहाव्यात: वस्तू कुठून आली, कोणाच्या घरातली, शिक्का काय सांगतो. जे माहीत नाही त्याची जागा मोकळी सोडावी.

त्या तरुणाने पाकिटं घरी नेली, एकही तिकीट न सोडवता. मुलाला त्याने शाळेसाठी बाजारातलं तिकिटांचं पुडकं आणून दिलं. आजोबांच्या पाकिटांसाठी मात्र त्याने बारा कोरी पानं मागून घेतली.