ऊती गोठवण्याची पद्धत : कासेलपासून घाटीपर्यंत

शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठ कर्करोगाची आहे की साधी, हे ठरवायचे असेल तर तिचा तुकडा गोठवून पातळ काप घेतात. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. पॅराफिनच्या नेहमीच्या पद्धतीला एक-दोन दिवस लागतात. इथे वीसेक मिनिटांत उत्तर हवे असते, कारण रुग्ण भुलीखाली असतो.

सुरुवातीला मात्र ही अभ्यासकांचीच सोय होती. जर्मनीतल्या कासेल येथे बेनेडिक्ट स्टिलिंग यांनी १८४२ च्या जानेवारीत मज्जारज्जूचा तुकडा कडाक्याच्या थंडीत गोठवून कापला. १८९१ मध्ये बाल्टिमोरला विल्यम वेल्च यांनी स्तनाच्या गाठीवर हाच प्रयोग केला, पण निदान हाती येईपर्यंत सर्जन हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया आटोपलीही होती. खरा पल्ला १९०५ मध्ये मेयो क्लिनिकच्या लुई विल्सन यांनी गाठला. गोठवलेला काप मेथिलीन ब्लूने रंगवून ते काही मिनिटांत निदान देऊ लागले. पहिले तुकडे त्यांनी खिडकीबाहेरच्या हिवाळ्यात गोठवले, असे सांगतात. मराठवाड्यात ही सवलत निसर्गाने कधीच दिली नसती.

पुढे कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर चालणारे मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप घेणारी यंत्रे, रूढ झाले. त्यांत तुकडा गार, पण भोवतालची हवा उबदार. काप सुरीवरच वितळू लागे. यावर उपाय निघाला तो क्रायोस्टॅटचा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लँग आणि मोगेन्सन यांनी १९३८ मध्ये अख्खे यंत्रच शीतकक्षात बसवले. आज हा कक्ष साधारण उणे २० अंशांवर ठेवतात.

गोठवण्यात वेगाला सर्वाधिक महत्त्व आहे. तुकडा सावकाश गोठला तर बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फाडतात. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असला, तरी त्यात थेट बुडवलेल्या तुकड्याभोवती वायूचे कवच तयार होऊन थंडी अडते. म्हणून स्नायूसारख्या नाजूक नमुन्यांसाठी आधी आयसोपेंटेन हा द्रव त्या नायट्रोजनने गार करून त्यात तुकडा बुडवतात.

औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. ते मराठवाड्यातले पहिले. त्याचे रुग्णालय ‘घाटी’ म्हणून ओळखले जाते. त्याआधी मुंबईत टाटा मेमोरियल १९४१ पासून होते आणि तिथल्या विकृतिशास्त्राची धुरा वसंत खानोलकर यांच्याकडे होती. घाटीच्या जोडीला शहरात २०१२ मध्ये शासकीय कर्करोग रुग्णालयही आले. क्रायोस्टॅटसाठी इथे अखंड वीज आणि कुशल तंत्रज्ञ दोन्ही लागतात. मे महिन्यात पारा चाळिशीपार जात असल्याने शीतकक्ष बंद पडणे परवडत नाही.

चरबी आणि हाड या पद्धतीला दाद देत नाहीत. म्हणून गोठवलेले काप घेऊन उरलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकून पॅराफिनमध्ये बसवतात, आणि अंतिम अहवाल त्यावरूनच दिला जातो.