गाणं कुणाच्या नावावर

२६ जानेवारी २०२० च्या रात्री लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये बिली आयलिश या अठरा वर्षांच्या मुलीनं ग्रॅमीचे चारही मोठे मान एकाच सोहळ्यात पटकावले: नवोदित कलाकार, वर्षातला अल्बम, वर्षातलं ध्वनिमुद्रण आणि वर्षातलं गीत. एका रात्रीत हे चारही मिळवणं त्याआधी एकालाच जमलं होतं, १९८१ मध्ये ख्रिस्तोफर क्रॉसला. वर्तमानपत्रांनी तिच्या वयाचं कौतुक केलं, तिच्या हिरव्या केसांबद्दल लिहिलं. मला मात्र त्या चारांतला शेवटचा मान सगळ्यांत मोलाचा वाटतो. ध्वनिमुद्रणाच्या पुरस्कारात गायक, निर्माता, ध्वनिमुद्रक असे सगळे येतात. गीताचा पुरस्कार फक्त ते गाणं रचणाऱ्याला मिळतो. गळा कितीही गोड असो, गाणाऱ्याचा त्यावर हक्क नाही.

मी उमेदीची सगळी वर्षं आकाशवाणीवर निवेदन केलं. गाणं लावण्याआधी तीन नावं सांगायची, हा आमचा शिरस्ता. गीत ग. दि. माडगूळकरांचं, संगीत सुधीर फडक्यांचं, स्वर माणिक वर्मांचा. क्यू शीटवर एखादं नाव राहिलं, तर लायब्ररीत जाऊन तबकडीचं लेबल वाचून यायचं, पण नाव न घेता गाणं सोडायचं नाही. त्यामुळे कुठल्याही पुरस्काराची बातमी आली, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: नाव कुणाचं घेतलं?

हे नाव सहजासहजी मिळालेलं नाही, ना इथे ना तिथे. १९४९ च्या ‘महल’मधल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’. म्हणजे पडद्यावर मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव. गाणारी लता मंगेशकर तेव्हा विशीतही नव्हती. हा आवाज कुणाचा म्हणून श्रोत्यांनी पत्रं पाठवली, तेव्हा रेडिओवरून तिचं नाव सांगितलं गेलं. फिल्मफेअरनं १९५४ पासून संगीतकाराला पुरस्कार दिला, गायकाला आणि गीतकाराला नाही. ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना तो मिळाला, तेव्हा जयकिशननी लताबाईंना सोहळ्यात गाण्याची गळ घातली. त्यांनी साफ नकार दिला. गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला मान नसेल, तर आपण तिथे गायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं होतं. १९५९ मध्ये दोन्ही पुरस्कार सुरू झाले. गायनाचा पहिला ‘मधुमती’साठी लताबाईंना, गीताचा पहिला ‘यहुदी’साठी शैलेंद्रांना. त्या नकारात त्यांनी गीतकाराचीही बाजू घेतली होती, याचा मला आजही अभिमान वाटतो.

योगायोग असा, की त्याच वर्षी ४ मे रोजी अमेरिकेत पहिला ग्रॅमी सोहळा झाला. त्याची सुरुवात अशी झाली: हॉलिवूडच्या फुटपाथवर कलावंतांच्या नावाचे तारे बसवायची योजना चालू होती. नावं निवडायला बसलेल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांच्या ध्यानात आलं, की कितीतरी चांगले संगीतकार आणि गायक या योजनेच्या निकषांत बसायचेच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा मान हवा, म्हणून १९५७ मध्ये त्यांनी ग्रॅमी देणारी अकादमी काढली. पहिल्या वर्षी २८ पुरस्कार होते, आणि ध्वनिमुद्रण आणि गीत हे दोन तेव्हापासूनच वेगळे. दोन्ही गेले ‘व्होलारे’ या इटालियन गाण्याला. ते डोमेनिको मोदुन्योनं गायलं होतं, आणि रचण्यातही त्याचाच हात होता. म्हणजे स्वतः रचून स्वतः गाणारा पहिल्याच वर्षी मानकरी ठरला. पण तो तेव्हा तिशी ओलांडलेला, मायदेशात नावाजलेला कलावंत होता. पुढची बरीच वर्षं गीताचा मान हेन्री मॅन्सिनी, जॉनी मर्सर, जेरी हर्मन अशा सिनेमा-नाटकांतल्या मुरलेल्या लोकांकडे जात राहिला.

आणि त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये तरुण पोरं ढिगानं गाणी रचत होती. ब्रॉडवेवरच्या १६५० क्रमांकाच्या इमारतीत ऑल्डन म्युझिक या प्रकाशन कंपनीचं कार्यालय होतं. तिथल्या छोट्या खोल्यांत एक पियानो, एक खुर्ची, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या जोडीची चाल ऐकू यायची. कॅरोल किंग तिथे चाली बांधायची, नवरा गेरी गॉफिन शब्द लिहायचा. तो दिवसा रसायनांच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. १९६० मध्ये, अठराव्या वर्षी, तिनं ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ची चाल बांधली. शिरेल्स या चार कृष्णवर्णी मुलींनी ते गायलं आणि १९६१ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गॉफिननं नोकरी सोडली. पण ते गाणं गुणगुणणाऱ्या किती जणांना तिचं नाव ठाऊक होतं? लेबलवर कंसात बारीक अक्षरात ‘गॉफिन-किंग’, बस्स.

तिला ग्रॅमी मिळायला १९७२ उजाडलं. तोवर ती तिशीची झाली होती, तीन मुलींची आई होती, लॉस एंजेलिसला येऊन स्वतः गायला लागली होती. ‘टॅपेस्ट्री’ या अल्बमनं तिला त्या रात्री चार पुरस्कार मिळवून दिले. त्यांतला गीताचा पुरस्कार एका स्त्रीला मिळण्याची ती पहिलीच वेळ. ज्या गाण्यासाठी तो मिळाला, तेच गाऊन जेम्स टेलरनं गायनाचा पुरस्कार घेतला. एकच गाणं, दोन मानकरी, दोन वेगळी कामं. सोहळ्याला ती गेलीच नाही. तिचं तान्हं बाळ घरी होतं. मला ही रात्र त्या पुरस्काराच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिथून पुढे मुलगी गाणं रचते हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. निदान कागदावर तरी.

इंग्लंडचा रस्ता थोडा निराळा. तिथे १९५६ पासून आयव्हर नॉव्हेलो पुरस्कार आहेत, ते मुळातच रचणाऱ्यांचे. तेराव्या वर्षाच्या आसपास लिहिलेल्या एका गाण्यासाठी केट बुशला तो विशीत मिळाला. तिथून पस्तीस वर्षांनी न्यूझीलंडच्या लॉर्डनं ‘रॉयल्स’ हे गाणं पंधराव्या वर्षी लिहिलं, जोएल लिटल या निर्मात्याबरोबर ते पुरं केलं, आणि २६ जानेवारी २०१४ रोजी सतराव्या वर्षी गीताचा ग्रॅमी घेतला. त्याआधीच मायदेशात तिला सिल्व्हर स्क्रोल मिळाला होता. त्यासाठी मतं देतात ते गाणी लिहिणारेच. अशा लोकांनी सोळा वर्षांच्या मुलीला आपल्यातली मानलं, हे मला ग्रॅमीहून कमी वाटत नाही.

आयलिशकडे परत येते. लॉस एंजेलिसच्या हायलंड पार्कमधलं दोन बेडरूमचं लहान घर, मुलं शाळेत न जाता आईवडिलांपाशी शिकलेली. आई मॅगी बेर्ड घरीच गीतलेखनाचे वर्ग घ्यायची आणि मुलांना गृहपाठ म्हणून गाणी लिहायला लावायची. बिली आठव्या वर्षापासून मुलांच्या गायनवृंदात होती. २०१५ मध्ये जे ‘ओशन आईज’ इंटरनेटवर टाकल्यावर तिचं नाव झालं, ते तिनं नव्हे, तिच्या भावानं, फिनियसनं लिहिलं होतं; तेही स्वतःच्या बँडसाठी. नृत्यशिक्षकाला त्यावर नाच बसवायचा होता, म्हणून तिनं ते गायलं. पुढे दोघं मिळून लिहू लागली. त्याच्या खोलीत, पलंगावर बसून ती गायची, समोरच्या टेबलावर तो मुद्रण करायचा.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मी बरीच वर्षं बसले आहे, म्हणून २०२० मध्ये गीताचा मान मिळवणारं ‘बॅड गाय’ कान लावून ऐकलं. आवाज असा, की ती माइकला ओठ टेकवून कुजबुजते आहे. त्यात मध्ये एक टकटक येते. ऑस्ट्रेलियात रस्ता ओलांडताना सिग्नलचा खांब जो आवाज करतो, तो तिनं फोनवर टिपून आणला होता आणि भावानं तो तालात बसवला. गीताच्या मानपत्रावर दोघांची नावं आहेत. त्या रात्री फिनियसला वर्षातल्या निर्मात्याचाही पुरस्कार मिळाला. अल्बमचा पुरस्कार स्वीकारताना तिनं सांगितलं, की तो गायिका अरियाना ग्रांदेला मिळायला हवा होता. पुढच्या वर्षी ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार पुन्हा मिळाला, तेव्हा भाषणाचा बहुतेक वेळ रॅपर मेगन द स्टॅलियनचं कौतुक करण्यात घालवला. काहींना ते अति वाटलं. मला त्यात रचणाऱ्याची नजर दिसते: दुसऱ्याचं काम किती अवघड होतं, हे तिला कळत होतं.

बाँडपटासाठी लिहिलेल्या गाण्यानं २०२२ मध्ये त्या दोघांना ऑस्कर दिला, ‘बार्बी’तल्या गाण्यानं २०२४ मध्ये दुसरा. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. दोन ऑस्कर मिळवणाऱ्यांत सर्वांत तरुण. त्याआधीचा विक्रम अभिनेत्री लुईस रेनरचा, १९३८ मधला, अठ्ठावीसाव्या वर्षीचा.

बार्बीच्याच गाण्यानं ४ फेब्रुवारी २०२४ ला गीताचा ग्रॅमीही तिला दुसऱ्यांदा मिळाला. त्याच दिवशी ‘शक्ती’ या बँडला जागतिक संगीताचा पुरस्कार मिळाला आणि आपल्या चेंबूरचे शंकर महादेवन आणि माहीमचे झाकीर हुसेन मंचावर होते. पण तो दुपारी, आधी होणाऱ्या सोहळ्यात, दूरदर्शनवरच्या मुख्य कार्यक्रमाबाहेर. बहुतेक पुरस्कार तिथेच उरकतात. मुख्यतः इतरांसाठी गाणी लिहिणाऱ्यांचा स्वतंत्र ग्रॅमी तर २०२३ मध्ये सुरू झाला, म्हणजे पहिल्या सोहळ्यानंतर चौसष्ट वर्षांनी. कॅरोल किंग अठराव्या वर्षी करत होती, तेच हे काम.