ओल्या चिखलातली बैठक

26 फेब्रुवारी 2000. अमेरिकेच्या युटा राज्यात, सेंट जॉर्ज शहरात तुम्ही एका शेतात उभे आहात. शेल्डन जॉन्सन आपल्या जमिनीतली टेकडी सपाट करताहेत. आयुष्यभर लोकांचे डोळे तपासून निवृत्त झालेला माणूस. यंत्राच्या रेट्यानं वालुकाश्माची जाड लादी उलथते आणि तिच्या खालच्या अंगाला तीन बोटांचं पाऊल दिसतं. खोलगट नाही, फुगीर! मोदकाच्या साच्यातून उकड निघावी तसं रेखीव.

तो साचा बघायचा तर 20 कोटी वर्षं मागं चला.

पायाखाली गार चिखल. समोर सरोवर; शास्त्रज्ञ पुढे त्याला डिक्सी म्हणतील. गवताचं पातं शोधू नका, ते अजून पृथ्वीवर उगवलेलंच नाही. सगळे खंड एकमेकांना चिकटलेले आहेत, आणि आपला सह्याद्री ज्या लाव्हातून घडला तो वाहायला अजून 13 कोटी वर्षं अवकाश आहे. उथळ पाण्यात कुणीतरी पोहतंय, त्याची नखं तळाचा चिखल खरवडताहेत.

आता हलू नका. किनाऱ्याच्या उतारावर एक मोठा मांसाहारी डायनोसॉर येतोय, डायलोफोसॉरससारखा, दोन पायांवर. थांबतो. पाय दुमडून पाखरासारखा बसतो. बूड चिखलात टेकतं, मग पुढचे हात. त्या हातांकडे नीट बघा. तळवे जमिनीकडे नाहीत. टाळी वाजवण्याआधी धरतो तसे समोरासमोर आहेत, चिखलाला लागलीय ती फक्त बाहेरची कड. सिनेमांनी आपल्याला पंजे खाली लोंबते दाखवले, आणि आपण तेच खरं मानत आलो. सांगाडा कितीही पुरा सापडो, त्यात हे बसणं क्वचितच दिसतं.

तो जरा पुढे सरकतो, पुन्हा टेकतो. मग उठतो आणि शेपटीची रेघ ओढत निघून जातो.

ही बैठक जॉन्सन यांच्याच जमिनीत सापडेल. त्या दगडांचा ते बाजार मांडणार नाहीत. नवरा-बायको जमीन शहराला देऊन टाकतील आणि 2005 साली तिथंच संग्रहालय उघडेल.

पाणी चढतंय, सोबत वाळू आणतंय. हाताच्या ठशात पहिले कण उतरले. तुमचीही पावलं उमटलीत इथं. निघण्याआधी ती तेवढी तळहातानं सारखी करा.