भाडं एका खिशातून, डागडुजी दुसऱ्यातून

सरकारी कचेरीला वर्षाकाठी किती खर्च येतो, हे एका वहीत कधीच सापडत नाही. जागा खासगी असेल तर पैसे कचेरी वापरणाऱ्या खात्याच्या ‘भाडे, पट्टी व कर’ या शीर्षाखाली जातात. इमारत सरकारची असेल तर गळती, रंग, वायरिंग हे सगळं बांधकाम खातं पाहतं, आपल्या २०५९ या लेखाशीर्षातून. त्यामुळे वापरणाऱ्या खात्याला सरकारी इमारत फुकटच वाटते. भाडं मात्र दर महिन्याला बोचतं.

या दोन खिशांचं मूळ बरंच जुनं आहे. कंपनी सरकारात बांधकामं लष्करी मंडळाकडे असत. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यासाठी स्वतंत्र खातं काढलं. बांधणारा एक आणि बसणारा दुसरा, ही विभागणी तिथे पक्की झाली.

मुंबईत तिचा थाट लगेच दिसला. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर सरकारी इमारतींची रांग उभी राहिली. १८७४ मध्ये कर्नल विल्किन्सने सचिवालय पुरं केलं, साडेबारा लाखांवर खर्चून. त्याच रांगेतल्या हायकोर्टाचं अंदाजपत्रक होतं १६,४७,१९६ रुपयांचं. १८७८ मध्ये काम संपलं तेव्हा खर्च भरला १६,४४,५२८. म्हणजे २,६६८ रुपये वाचले! आजच्या ठेकेदाराला ही गोष्ट दंतकथाच वाटेल. पण अंदाजपत्रक बांधकामाचं होतं. पुढच्या दीडशे पावसाळ्यांचं नव्हतं.

खासगी जागा घ्यायची तर मात्र कागद हवेतच. आधी सरकारी जागा उपलब्ध नसल्याचा दाखला, मग बांधकाम खात्याचं वाजवी भाड्याचं प्रमाणपत्र. भाड्याला असा चाप आहे हे बरंच आहे. स्वतःची इमारत वर्षाला किती खाते, याचा दाखला मात्र कुणी मागत नाही. तिथे निधी आला की गळक्या छपरावरची ताडपत्री निघते, नाही आला की पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहते.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले आणि कित्येक विभागांना बाहेर बिऱ्हाड करावं लागलं. पांगलेल्या कचेऱ्या पुन्हा जवळ आणायच्या म्हणून सरकारची नजर गेली नरिमन पॉइंटच्या तेवीस मजली एअर इंडिया इमारतीवर. २०२४ मध्ये १,६०१ कोटींचा सौदा मंजूर झाला. गंमत अशी की खालची जमीन मुळात राज्य सरकारचीच, भाडेपट्ट्याने दिलेली. त्यापोटी येणं असलेले सुमारे २९८ कोटीही सरकारने सोडून दिले. आता आपल्याच जमिनीवर उभ्या या पन्नास वर्षांच्या इमारतीच्या लिफ्टा, नळ आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं काँक्रीट सांभाळायचं आहे. त्याची रक्कम या १,६०१ कोटींत धरलेली नाही.