चुकून पैसे आल्याचा बनाव : घ्यावयाची दक्षता

युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस अर्थात यूपीआय ही भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये सुरू केलेली, मोबाईलवरून तत्काळ पैसे पाठविण्याची प्रणाली आहे. तिच्या वापरकर्त्यांना फसविण्याचा एक प्रकार म्हणजे चुकून रक्कम जमा झाल्याचा बनाव.

यात बँकेच्या संदेशासारखा दिसणारा बनावट लघुसंदेश येतो. पाठोपाठ दूरध्वनी करणारी व्यक्ती रुग्णालयाचे बिल वा अन्य निकड सांगून पैसे परत मागते. खात्यात काहीच जमा झालेले नसल्याने ‘परत’ केलेली रक्कम ग्राहकाच्या स्वतःच्या पैशांतून जाते. काही वेळा रक्कम खरोखर जमा होते. मात्र ती अन्य कोणाची फसवणूक करून मिळविलेली असल्यास तपासादरम्यान ग्राहकाचे खाते गोठविले जाऊ शकते.

म्हणून लघुसंदेशावर विसंबून न राहता शिल्लक बँकेच्या ॲपवर वा पासबुकात पडताळावी. पैसे स्वीकारण्यासाठी पिन द्यावा लागत नाही. रक्कम खरोखर आली असल्यास ती परस्पर न पाठविता बँकेला लेखी कळवावे आणि बँकेमार्फतच परत जाऊ द्यावी. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. रक्कम अन्य खात्यांत वळती होण्यापूर्वी ती रोखता येण्याची शक्यता असते.