गडावरचा उंदीर आणि अंगणातला बुलबुल

आपल्या कोल्हापुरात बुलबुल कुणाला दाखवावा लागत नाही. काळे डोके, शेपटीखाली लालभडक ठिपका; परसातल्या जास्वंदीवर नाहीतर विजेच्या तारेवर त्याची किलबिल चालू असते. कोंढाण्याच्या उंदराचे मात्र नावही फार थोड्यांनी ऐकले असेल. या दोघांना मी शेजारी बसवतो आहे, ते त्यांच्या नावांमुळे.

लालबुड्या बुलबुलाचे शास्त्रीय नामकरण स्वीडनच्या लिनियसने १७६६ साली केले. हा पक्षी दक्षिण आफ्रिकेतला, अशा समजुतीने त्याने 'काफर' हे नाव दिले. तिकडे हा बुलबुल मुळात नाहीच! पण पहिले नाव टिकवायचे, या नियमामुळे चुकीचा पत्ता आजही कायम आहे. उंदराचे उलट झाले. १९७५ साली मिश्रा आणि धांडा या संशोधकांनी सिंहगडावरचा हा मऊ केसांचा उंदीर वेगळी जात म्हणून नोंदवला आणि गडाचे जुने नावच त्याला दिले.

पुढे बुलबुलाने जग पालथे घातले. फिजीत तो विसाव्या शतकाच्या आरंभी पोचला. गिरमिटिया मजुरांनी त्याला नेले, असे सांगतात. सामोआ, हवाई इथेही माणसामुळेच तो गेला. फळबागांची नासधूस करतो, तणांचे बी पसरवतो, म्हणून २००० साली जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचे नाव आले. आपल्या अंगणातला गुणी पाहुणा परमुलखात गुन्हेगार ठरला.

उंदराला असे हातपाय पसरता आले नाहीत. रात्री हिंडणारा, बिळात राहणारा हा जीव सह्याद्रीच्या इवल्याशा टापूत अडकून आहे आणि संकटग्रस्त म्हणून गणला जातो. बुलबुलाचे एक झाड तोडले तर तो दुसरे शोधतो. या उंदराचा माथा गेला तर तो जाणार कुठे?

२०२५ साली आपला पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आता गडांवर वर्दळ वाढेल, वाहनतळ होतील, गवत साफ होईल. तट-बुरूज जपायलाच हवेत. पण ज्या गवतात इतिहासाने नाव दिलेला एक जीव राहू शकतो, ते गवतही गडाच्या वारशातच मोजले पाहिजे, असे मला वाटते.