गावाच्या आरोग्यासाठी पैसा कुठून येतो? १० हजारांच्या निधीपासून सीएसआरपर्यंत, सगळं सोप्या भाषेत

पावसाळ्याचे दिवस आहेत. गावातल्या एका वस्तीत एकाच आठवड्यात सात-आठ जणांना जुलाब सुरू होतात. विहिरीत टीसीएल पावडर टाकलेली नाही, कारण साठा संपलाय. आशाताईंनी घरोघरी जाऊन चौकशी केली, पण रात्री एका बाळाला दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना. गाडीचे पैसे कोण देणार, यावर चर्चा सुरू झाली आणि तेवढ्यात तास गेला.

असा प्रसंग कुठल्याही गावात घडू शकतो. अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गावाकडं यासाठी पैसाच नाही."

पण खरंच नाही का? टीसीएलसाठी, गाडीसाठी, पाणी तपासण्यासाठी, कुपोषित मुलांच्या आहारासाठी वेगवेगळ्या नावांनी निधीची सोय आहे. अडचण अशी की तो वेगवेगळ्या खात्यांत, वेगवेगळ्या समित्यांकडे असतो आणि त्या समितीवर आपण आहोत हे कधीकधी खुद्द सदस्यांनाही माहीत नसतं.

हा निधी नेमका कुठे असतो आणि तो मागायचा कसा, हे समजून घेऊया.

उपचाराचा पैसा वेगळा, गावाच्या आरोग्याचा वेगळा

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत या योजनांमधून एका रुग्णाच्या उपचाराचा खर्च भागवला जातो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचंही तसंच आहे.

पण साथ येऊच नये म्हणून पाणी शुद्ध करणं, गरोदर महिलांची तपासणी गावातच होणं, डासांची पैदास थांबवणं, किशोरवयीन मुलींच्या रक्ताची तपासणी करणं ही सामूहिक कामं आहेत. त्यांना 'सार्वजनिक आरोग्याचे उपक्रम' म्हणतात. या लेखात आपण याच कामांसाठी मिळणाऱ्या निधीबद्दल बोलतोय.

१. गावाच्या समितीचे १० हजार रुपये

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. त्यातून गावपातळीवर एक समिती आली. तिचं आजचं नाव आहे 'ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती'.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या समितीत किमान १५ सदस्य असावेत आणि त्यातल्या निम्म्या तरी महिला असाव्यात. अध्यक्षपदी ग्रामपंचायत सदस्य असतात, शक्यतो महिला. सदस्य सचिवपदाची जबाबदारी आशा स्वयंसेविकेकडे असावी, असं या सूचना सांगतात. बैठक महिन्यातून एकदा व्हायला हवी.

या समितीला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत 'अबंधित निधी' मिळतो. अबंधित म्हणजे कशावर खर्च करायचा हे वरून ठरवून दिलेलं नाही, ते समिती ठरवते. स्वच्छता मोहीम, आरोग्य सर्वेक्षण, जनजागृती, तातडीच्या वेळी रुग्णाला नेण्यासाठी वाहन अशी कामं यातून करता येतात. एका कुटुंबाच्या फायद्यासाठी हा पैसा वापरता येत नाही. अपवाद फक्त निराधार महिला किंवा अतिशय गरीब कुटुंबाचा.

म्हणजे सुरुवातीच्या प्रसंगातल्या बाळासाठी गाडीचे पैसे या निधीतून देता आले असते.

महिन्याचा हिशेब केला तर ही रक्कम साडेआठशे रुपयेसुद्धा भरत नाही. ती अपुरी आहे यात शंका नाही. पण यातली खरी मेख वेगळीच आहे. हा निधी 'जेवढा खर्च, तेवढी भरपाई' या पद्धतीने येतो. वर्षभरात फक्त २ हजार खर्च झाले, तर पुढच्या वर्षी पूर्ण १० हजारांची अपेक्षा करता येत नाही. त्यामुळे पैसा वाचवून ठेवणाऱ्या गावाचा तोटाच होतो.

२. उपकेंद्राचा निधी : जन आरोग्य समिती

गावातलं किंवा शेजारच्या गावातलं आरोग्य उपकेंद्र आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' या नावाने ओळखलं जातं. २०२३ पर्यंत त्याला आरोग्यवर्धिनी केंद्र म्हणत.

अशा प्रत्येक केंद्रासाठी 'जन आरोग्य समिती' असते. उपकेंद्र पातळीवर तिचे अध्यक्ष सरपंच असतात, तर समुदाय आरोग्य अधिकारी सदस्य सचिव असतात. या पातळीवर वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ही रक्कम १ लाख ७५ हजार रुपयांपर्यंत आहे.

केंद्रात रुग्णांना बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही, किरकोळ दुरुस्ती रखडली आहे, अशा गोष्टींसाठी हा निधी कामी येतो. त्यामुळे "वरून मंजुरी आली की करू" हे उत्तर मिळालं, तर जन आरोग्य समितीची शेवटची बैठक कधी झाली, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

३. ग्रामपंचायतीकडचा पैसा

रकमेच्या दृष्टीने सगळ्यात मोठा वाटा इथे आहे.

१५व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातला ६० टक्के निधी 'बंधित' होता. ३० टक्के स्वच्छतेसाठी आणि ३० टक्के पिण्याच्या पाण्यासाठी. याशिवाय स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्य सेवांवर खर्च करण्यासाठी ७० हजार ५१ कोटी रुपये वेगळे सुचवले होते.

वित्त आयोगाचा काळ दर पाच वर्षांनी बदलतो आणि आकडेही बदलतात. पण एक गोष्ट कायम राहते. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जे काम नाही, त्यावर हा पैसा खर्च होत नाही.

महाराष्ट्रात हा आराखडा 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमातून तयार होतो आणि ग्रामसभेसमोर येतो. तुमच्या गावाच्या आराखड्यात काय आहे, हे ई-ग्रामस्वराज पोर्टलवर बघता येतं. आरोग्याचं काम त्यात नसेल, तर ग्रामसभेत ते सुचवणं ही पहिली पायरी आहे.

शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करणं अपेक्षित असतं. अंगणवाडीतलं वजनाचं यंत्र किंवा किशोरींसाठी तपासणी शिबिर अशा मागण्या इथे बसू शकतात.

आणि टीसीएल? पाणी शुद्ध ठेवण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची आहे. म्हणूनच पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दिलं जातं. लाल कार्ड म्हणजे साथीचा धोका जास्त. तुमच्या ग्रामपंचायतीकडे कोणतं कार्ड आहे?

४. आदिवासी आणि खाणींच्या भागात जास्तीचा निधी

महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत पेसा क्षेत्र आहे. २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याची योजना आहे. हा पैसा ग्रामसभेच्या कोषात येतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण या गोष्टींवर खर्च करता येतो. त्याचा निर्णय ग्रामसभेने घ्यायचा असतो.

खाणींच्या जिल्ह्यांत 'जिल्हा खनिज प्रतिष्ठान' असतं. २०१५ मध्ये खाण कायद्यात बदल करून ही व्यवस्था आणली गेली. खाणींमुळे ज्या गावांना धूळ, प्रदूषण आणि आजार सोसावे लागतात, त्यांच्यासाठी खाणमालकांकडून हा पैसा घेतला जातो. आरोग्य आणि पिण्याचं पाणी हे त्यातले उच्च प्राधान्याचे विषय आहेत.

५. कंपन्यांचा सीएसआर निधी

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १ हजार कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यापैकी एक अट पूर्ण झाली की कंपनीला हा नियम लागू होतो.

कायद्याच्या सातव्या अनुसूचीत अशा कामांची यादी आहे. त्यातल्या पहिल्याच मुद्द्यात कुपोषण, आरोग्य, स्वच्छता आणि सुरक्षित पाणी आहे. कंपनी जिथे काम करते, त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. त्यामुळे एमआयडीसीच्या आसपासच्या गावांनी आधी शेजारच्या कंपनीकडे चौकशी करावी.

संस्थेमार्फत हा निधी घ्यायचा असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. आयकर कायद्याखालची नोंदणीही लागते. गावात अशी संस्था नसेल, तर आधीच नोंदणी असलेल्या संस्थेसोबत काम करणं सोपं जातं.

परदेशी निधीचा मार्ग मात्र अवघड आहे. एफसीआरए नोंदणीशिवाय तो घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही.

६. पैशांऐवजी वस्तूरूपात मदत

प्रत्येक वेळी रोख निधीच हवा असं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'निक्षय मित्र' उपक्रमात कुणीही व्यक्ती, मंडळ किंवा कंपनी क्षयरुग्णाला पोषण आहाराची मदत देऊ शकते. सरकारकडून क्षयरुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून १ हजार रुपये झाली आहे. गावातलं गणेश मंडळ वर्गणीतला काही भाग अशा कामाला देऊ शकतं.

मागणी कशी करायची?

"आरोग्यासाठी निधी द्यावा" असा एका ओळीचा अर्ज सहसा फाइलमध्येच राहतो. अर्जात चार गोष्टी असाव्यात :

* अडचण काय आणि किती जणांची : आशाताई आणि आरोग्य सेविकांच्या नोंदवहीत आकडे असतात, ते घ्या.
* काम नेमकं काय : 'जनजागृती' असं मोघम न लिहिता 'तीन वस्त्यांत दर महिन्याला पाण्याची तपासणी' असं लिहा.
* खर्च किती : दरपत्रक जोडा.
* बदल कसा मोजणार : आधीची आणि नंतरची नोंद ठेवा.

सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा. खर्च झाल्यावर पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत द्या. ते अडकलं की पुढचा हप्ताही अडकतो.

नोंदी ठेवल्याने काय होतं, याचं उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच महिलांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. प्रत्येक जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढे २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बालकांची काळजी हा कार्यक्रम आशांमार्फत देशभर लागू केला. आज बाळंतीण घरी आल्यावर आशाताई भेटायला येतात, ते या कार्यक्रमामुळे.

हिशेब कोण विचारणार?

महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्य सेवांवर 'लोकाधारित देखरेख' हा उपक्रम राबवला गेला. त्याची सुरुवात पाच जिल्ह्यांत झाली. त्यात गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांना गुण दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना थेट प्रश्न विचारले.

तुम्हालाही सुरुवात करायची असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. गावाच्या आरोग्य समितीचे सदस्य कोण आहेत? तिच्या खात्यात आज किती पैसे आहेत? मागच्या वर्षी किती खर्च झाले आणि कशावर? उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकारात अर्ज करता येतो.

आणि ही माहिती मिळवताना एक गोष्ट लक्षात असू द्या. खात्याची जबाबदारी बऱ्याचदा आशाताई किंवा अंगणवाडीताईंवर असते, पण निर्णय घ्यायचा असतो अख्ख्या समितीने. पैसा खर्च झाला तर आपल्यावर बालंट येईल, या भीतीने त्या गप्प बसतात. बैठकीला पाच-दहा गावकरी हजर असले आणि ठराव कागदावर आला, तर त्यांना सही करायला धीर येतो. मग पुढच्या पावसाळ्यात गाडीचे पैसे कोण देणार, या चर्चेत कुणाचा तास जाणार नाही.